उलटा नवस

मागितलेले मिळाले म्हणजे माणूस सुखी होतो असे नाही. वर मागून पस्तावलेल्यांच्या कितीतरी कथा आपल्या पुराणांत आहेत. परंतु अशा गोष्टी केवळ पुराणातच घडतात असेही नव्हे. स्वित्झर्लंडच्या व्हॅले प्रांतातील फीश या गावाच्या नवसाची हकीकत कळली, तेव्हापासून देवाजवळ काय मागावे आणि कसे मागावे, हा प्रश्न मला सोडीत नाही.

फीशच्या वरच्या अंगाला आलेच ही आल्प्समधील सर्वांत मोठी हिमनदी आहे. सतराव्या शतकात युरोपातील थंडी वाढली होती आणि ही हिमनदीही वाढत होती. तिच्या बर्फाच्या बांधाने अडलेले मेर्येलेन नावाचे एक तळे होते. बांध फुटला की लोंढा खालच्या गावांवर येई. अखेर १६७८ साली गावकऱ्यांनी नवस बोलला : आम्ही सदाचाराने राहू, देवा, ही हिमनदी आवर. १८६२ साली त्यासाठी वार्षिक मिरवणूकही सुरू झाली.

त्याच सुमारास हिमनदी मागे हटू लागली, आणि तिचे हटणे आजवर थांबलेले नाही. तेव्हापासून तिची लांबी सुमारे तीन किलोमीटरांनी घटली आहे. मग २००९ साली गावकऱ्यांनी पोपकडे विनंती केली की, आम्हांला प्रार्थना बदलू द्या. २०१० मध्ये ती मान्य झाली. ‘हिमनदी आवर’ म्हणणारे गाव आता ‘हिमनदी राख’ म्हणते!

माझा भाचा झुरिचला नोकरीस असतो. त्याच्याबरोबर मी फीशहून दोरावरच्या पाळण्याने एगिसहॉर्नच्या माथ्यावर गेलो. समोर सुमारे वीस किलोमीटर लांबीचा बर्फाचा प्रवाह वळण घेत पसरला होता; मधून दगडगोट्यांचे काळे पट्टे, जणू गाडीच्या चाकोऱ्याच. प्रथमदर्शनी वाटते, एवढ्या ऐश्वर्याला कसली आली ओहोटी? मग पलीकडच्या उतारावर नजर जाते. बर्फाच्या वर उघड्या, फिकट खडकाचा रुंद पट्टा दिसतो. पूर ओसरल्यावर भिंतीवर रेघ राहावी तशी ती जुन्या बर्फाची खूण. या हिमनदीच्या वरच्या भागात, कोंकोर्डिया येथे, १८७७ साली बर्फाच्या काठाजवळ गिर्यारोहकांसाठी झोपडी बांधली. आज बर्फावरून तिथे चढायला साडेचारशेहून अधिक पायऱ्या लागतात.

भाचा म्हणाला, “मामा, हे पाहायला तुम्ही विमानाने आलात. मग हळहळायचा आपल्याला अधिकार आहे का?”

प्रश्न बोचरा होता, आणि खराही. ‘देव देतो आणि कर्म नेते’ असे आपण म्हणतो. १६७८ मधील शेतकऱ्यांच्या हाती हिमनदीचे काहीच नव्हते. हात जोडण्यावाचून ते काय करणार? आजची गोष्ट निराळी. कोळसा आणि तेल जाळून हवा आपण तापवली आहे. झुरिचच्या संशोधकांनी २०१९ मध्ये हिशेब मांडला : तापमानवाढ आटोक्यात आली तरी या शतकाच्या अखेरीस आलेचचे निम्मे बर्फ जाईल, आली नाही तर जवळजवळ सारेच. म्हणजे उरलेले निम्मे अजून माणसाच्या हाती आहे. मग जे आपल्या हाती आहे, ते देवाजवळ मागावे काय?

मला वाटते, अवश्य मागावे. परंतु नवसासारखे मागावे. नवसाला दोन अंगे असतात. एक मागण्याचे, दुसरे फेडण्याचे. फीशच्या लोकांनी मागणे उलटे केले, पण ‘आम्ही सदाचाराने राहू’ हे वचन उलटे करण्याचे कारण पडले नाही. ते जुनेच आजही पुरते. फक्त आपल्या धुराचा, आपल्या हव्यासाचा विचारही आता सदाचारात धरावा लागेल. कोणी म्हणेल, एका घरच्या काटकसरीने बर्फ थोडेच राहणार? खरे आहे. पण फीशचा नवसही एका घराने बोललेला नव्हता; तो साऱ्या गावाने मिळून बोलला होता, आणि गावाने बोललेले गावानेच फेडायचे असते. हळहळायला अधिकार लागत नाही. मात्र हळहळून मोकळे होण्याचा अधिकार कोणालाच नाही.

येत्या लक्ष्मीपूजनाला आपण सारे काही ना काही मागणारच आहोत. मागावे. पण त्याबरोबर आपण काय देऊ, हेही त्याच दिव्यापुढे मोठ्याने बोलावे, म्हणजे घरातली मुले ते ऐकतील आणि पुढे आपल्याला त्याची आठवण देतील.