जागरण कोणाचे, झोप कोणाची?

सज्जनहो, जागरण हे पुण्यकर्म आहे काय, असे वारकऱ्याला कोणी विचारले तर तो हसेल. एकादशीची रात्र टाळमृदंगात घालवावी, द्वादशीला पारणे करावे, कार्तिकात पहाटे उठून काकड्याला जावे, हे आम्ही वडिलांचे बोट धरून शिकलो. परंतु यवतमाळ जिल्ह्यात एका पहाटे याच प्रश्नाने आम्हांस अडवले.

कार्तिकाचे दिवस. दिग्रस तालुक्यातील एका गावी काकडा चालला होता. मंदिरापुढे रात्रभर जळणारे मोठे पांढरे दिवे. त्यांचा झगझगाट पार दोन आळ्यांपर्यंत. इतक्यात हरभऱ्याला पाणी देऊन एक शेतकरी परत येताना दिसला. हातात बॅटरी, पाय चिखलाने भरलेले. आम्ही म्हटले, "माउली, चला काकड्याला." तो पाया पडून म्हणाला, "आलो असतो महाराज, पन रातच्या बाराले लाइन आली, तवापासून वावरातच आहो. तुमाले पंधरा दिवसातून एक एकादस; आमाले या लाइनीनं हप्त्यातून तीन-चार लावून देल्या." जरा थांबून पुढे म्हणाला, "अन् आता घरी जाऊन पडाव म्हनलं, तं ह्या लायटी खिडकीतून डोयावर येतात."

आम्ही निरुत्तर झालो.

देह हे देवाचे मंदिर, असे आम्ही कीर्तनातून सांगतो. त्या मंदिरालाही स्वतःची काकड आरती आणि शेजारती आहे. डोळ्यांत पाहण्याच्या पेशींखेरीज आणखी काही पेशी असतात. उजेड आहे की अंधार, एवढीच वर्दी त्या मेंदूतील एका लहानशा केंद्राला देतात. अंधार पडला की मेलॅटोनिन नावाचे द्रव्य रक्तात उतरू लागते आणि शरीर झोपेच्या तयारीला लागते. रात्री डोळ्यांवर प्रखर उजेड आला, विशेषतः निळसर पांढरा, की ते द्रव्य आटते. आतले हे घड्याळ बहुतेकांचे चोवीस तासांहून थोडे अधिक चालते. सकाळचा सूर्यप्रकाश ते रोज जाग्यावर आणतो. पेशींतील या घड्याळाची घडण उलगडणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. वर्षानुवर्षे रात्रपाळी केल्याने कर्करोगाचा धोका संभवतो, असा इशारा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००७ साली दिला.

मग एकादशीचे जागरण चुकीचे काय? मुळीच नाही. ते आपण होऊन घेतलेले व्रत आहे; पंधरवड्यातून एकदा येते आणि जाते. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी अतिझोप आणि अतिजागरण ही दोन्ही योगाला वर्ज्य सांगितली आहेत. व्रत आणि सक्ती यांत हाच भेद. पंपाची वीज रात्री येते म्हणून साप-विंचवांच्या वाटेने वावरात उभा राहणारा माणूस व्रतस्थ नव्हे, तो अडकलेला आहे. त्याला "कष्ट हीच भक्ती" असे सांगून मोकळे होणे सोपे; पण त्यात आपली सोय अधिक आणि दया कमी. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ साली राज्यात सौर कृषी वाहिनी योजना निघाली. ती प्रत्येक शिवारात पोचावी, असा आग्रह धरणे हेही आम्ही धर्मकार्यच समजतो.

विजेला आम्ही दोष देत नाही. तिच्यामुळे पोरे रात्री शिकली, अडलेल्या बायांची दवाखान्यात सुटका झाली. दोष आमच्या हावेचा. अहो, काकडा म्हणजे तरी काय? तुपात किंवा तेलात भिजवलेली कापडाची वात. तेवढ्या मिणमिणत्या उजेडात देवाला जागे करायचे आणि मागून सूर्य उगवायचा. देव तेवढ्याने जागा होतो. आळीतल्या माणसांची झोप मोडणारे दिवे त्याने कधी मागितले?

म्हणून पुढच्या सप्ताहाला, काकड्याला आपण इतके तरी करावे. कीर्तन संपले की मोठे दिवे मालवावेत. जे ठेवायचे त्यांचे तोंड जमिनीकडे करावे, उजेड पिवळा असावा. रात्रपाळीचा शेतकरी कोणत्या घरात निजला आहे हे विणेकऱ्याला ठाऊक असावे आणि त्या दारावरून दिंडी हळू जावी. घरी गेल्यावर हातातला मोबाइलही वेळेवर निजवावा, कारण त्यात रात्र घालवणे हे व्रतही नव्हे आणि कामही नव्हे.

त्या पहाटे आम्ही मंदिरापुढचे दोन दिवे बंद करविले. काकडा अडला नाही. समईच्या उजेडात विठोबाचे मुख पूर्वीइतकेच स्पष्ट दिसत होते.

रामकृष्ण हरी.