पुडीचे दास्य



पौल प्रेषित करिंथ येथील मंडळीस लिहिताना असे शिकवितो की, एखादी गोष्ट करण्याची मोकळीक असली तरी तिला आपल्यावर धनीपण करू देऊ नये (१ करिंथ. ६:१२ पाहा). हा बोध आम्ही दारूविषयी पुष्कळदा सांगतो. आज तो आपल्याच खिशातील पुडीस लावून पाहू.

अमरावती व अकोला जिल्ह्यांत ज्याच्या पानठेल्यावर खर्रा मिळत नाही असे गाव विरळाच. सुपारी, तंबाखू व चुना एकत्र घोटून पन्नीत बांधितात. कापूस वेचणारी बाई, वखर हाकणारा गडी, आणि सांगावयास लाज वाटते, आपल्या मंडळीतील वडीलही तो तोंडात धरितात. २०१६-१७ सालच्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातील दर १०० प्रौढांपैकी सुमारे २४ जण बिनधुराची तंबाखू सेवन करणारे आढळले. सरकारने २०१२ साली गुटखा बंद केला. परंतु मनाचे दास्य केवळ कायद्याने सुटत नाही.

हे दास्य जडते कसे? तंबाखूतील निकोटीन मेंदूस चटक लाविते. मग पुडी न मिळाली तर चीड येते, कामात चित्त लागत नाही. सुपारीने गालाची आतली बाजू ताठर होते, तोंड उघडेनासे होते, भाकरीचा घास जात नाही. कित्येकांस पुढे कर्करोग होतो. ज्या मुखाने देवाची स्तुती करावी, तेच मुख बंद पडते!

अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा यांच्या पित्याचा दारूने नाश केला. पुढे कन्येच्या बारशास दारू व मटण देण्याची रूढी असता, बाबांनी भाऊबंदांदेखत ती मोडून गोड जेवण घातले. ते ख्रिस्ती नव्हते. तरी त्यांनी स्वतःच्या पंक्तीत व्यसनास जागा दिली नाही. आम्ही मात्र उपासनेहून बाहेर येताच एकमेकांपुढे पुडी धरितो, आणि त्यास प्रेम म्हणतो.

याहून वाईट ते पुढेच आहे. १८ वर्षांखालील मुलास तंबाखू विकणे २००३ च्या कायद्याने गुन्हा आहे. तरी बापच लेकराच्या हाती पैसे देऊन त्यास ठेल्यावर धाडितो. पोर पुडी आणिते, आणि एके दिवशी वाटेतच चिमूटभर तोंडात टाकिते. त्यास हे कोणी शिकविले? आम्हीच.

म्हणून उपदेशक बंधूंनो, प्रथम आपण आपला खिसा रिकामा करू. आजपासून कोणत्याही लेकरास पुडीसाठी धाडू नये. जो सोडू पाहतो त्यास पहिले दिवस फार जड जातात. त्यास हसू नका, त्याजजवळ बसा, जिल्हा रुग्णालयात सल्ल्यासाठी त्याजबरोबर जा. तो पुन्हा पडला तर पुन्हा उठवा. प्रभूने आम्हांस असेच वारंवार उठविले नाही काय?

तो आमचे हात व मुख शुद्ध करो. आमेन.