नाकाने घेतलेली चाचणी

भरडाईच्या हंगामात चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाहीसारख्या गावातल्या लहान भातगिरणीत मजूर ठेवताना अर्ज-मुलाखतीची भानगड नसते. चाचणी मात्र होते. मालक जवळ येऊन वास घेतो, डोळे निरखतो आणि ‘आज जा घरी’ म्हणतो. रोजी बुडाली, विषय संपला. कामगारांची नशाचाचणी करावी की नाही, हा वाद आपल्याकडे नव्याने येतोय असे वाटते, पण ती रोज होतेच आहे, फक्त नाकाने. मोहाची प्यायलेला, रात्रभर जागलेला आणि तापाने फणफणलेला, तिघांचेही डोळे लालच दिसतात. निव्वळ वास, डगमगती चाल आणि डोळ्यांच्या विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून माणूस नशेत होता असे खात्रीने म्हणता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका वाहनचालकाच्या खटल्यात 1971 साली सांगितले आहे.

यावर अमेरिकी तोडगा लघवी तपासण्याचा. तिथे राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी 1986 मध्ये केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी तसा आदेश काढला आणि पुढे खासगी मालकांनीही तो कित्ता गिरवला. आपल्या गिरणीत त्याचा उपयोग नाही. गांजा ओढल्यानंतर त्याचे अंश लघवीत कित्येक दिवस सापडतात. म्हणजे मागच्या रविवारी काय केले ते कळते, पण आज हा माणूस फिरत्या पट्ट्याशेजारी उभा राहण्याच्या स्थितीत आहे का, ते कळत नाही. शिवाय इथले खरे व्यसन खर्रा. पानठेल्यावर पन्नीत घोटलेली ती सुपारी-तंबाखू या चाचणीत धरलीच जात नाही. धरली असती तर आधी मालकच बाद झाले असते!

फुंकर मारून श्वासातली दारू मोजणारे यंत्र वेगळे. ते आत्ताचे सांगते. वाहनचालकासाठी कायद्याने 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे. बॉयलर पेटवणाऱ्याला किंवा पट्टा चढवणाऱ्याला त्याहून ढिली मर्यादा का असावी? सैल सदऱ्याची बाही पट्ट्यात ओढली गेली तर हात मागे घ्यायला क्षणच मिळतो.

पण मला हे यंत्र हवे आहे ते मजुराच्या बाजूने. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्यात एक कलम होते आणि नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते कायम आहे. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर ‘तो प्यायला होता’ म्हणून मालकाला हात झटकता येत नाहीत. दुखापत त्याहून कमी असेल आणि अपघात थेट नशेमुळे झाला असेल, तर मात्र भरपाई नाकारता येते. म्हणजे दोन बोटे गेलेल्या हेल्परचे भवितव्य ‘प्यायला होता’ या दोन शब्दांच्या आरोपावर टांगलेले. सकाळी यंत्रावर शून्य आले, वहीत आकडा चढला आणि शेजारी मजुराचा अंगठा असला, तर तो आरोप सहजासहजी टिकणार नाही.

दारूबंदीने गिरणीतली नशा थांबेल अशी आशा आपण करून पाहिली. चंद्रपूर जिल्ह्यात 1 एप्रिल 2015 पासून दारूबंदी होती. ती फसली म्हणत सरकारने 2021 मध्ये उठवली. शेजारच्या गडचिरोलीत ती 1993 पासून आहे. बायकांच्या ज्या चळवळीने बंदी आणली तिच्याबद्दल मला आदर आहे, पण गिरणीच्या फाटकाआत काय चालते याचे उत्तर बंदीत कधीच नव्हते.

यंत्र काही हजारांत मिळते. ते वेळोवेळी प्रमाणित करून घ्यावे, आकडा आला तर पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकर घ्यावी, आणि तरीही आला तर त्या दिवशी गिरणीच्या फिरत्या पट्ट्यापासून दूरचे काम द्यावे. पोती शिवणे आहे, अंगण झाडणे आहे. रोजी कापू नये, कारण रोजी कापली की माणूस लपवायला शिकतो. आकडा चारचौघांत वाचून दाखवू नये. आणि सलग बारा-चौदा तास राबवून घेणाऱ्याने तर नशेबद्दल बोलूच नये. थकवा कुठल्याही यंत्रावर दिसत नाही.

एक अट मात्र सोडू नये. पहिली फुंकर मालकाची, दुसरी मुनीमाची, मग मजुरांची. ज्या मालकाची याला तयारी नाही, त्याने हे यंत्र विकत घेऊ नये.