विनोदाची कल्पना कोणाची?

दिल्लीचे नाटककार आर. जी. आनंद यांनी १९५३ मध्ये ‘हम हिंदुस्तानी’ हे नाटक लिहिले. पंजाबी आणि मद्रासी अशी दोन शेजारी कुटुंबे, त्यांतील तरुण-तरुणीचे प्रेम आणि वडीलधाऱ्यांचा आडवा येणारा प्रांताभिमान, एवढाच त्याचा गाभा. चित्रपटाच्या विचाराने दिग्दर्शक मोहन सेगल यांनी ते नाटककाराकडूनच समजावून घेतले. पुढे १९५६ साली सेगल यांचा ‘न्यू दिल्ली’ हा विनोदी चित्रपट पडद्यावर आला. त्यातही नायक पंजाबी होता आणि नायिका मद्रासी! आनंद न्यायालयात गेले आणि तिन्ही पायऱ्यांवर हरले. कल्पना, विषय व कथासूत्र यांवर कोणाचाही स्वामित्वहक्क नसतो, तो केवळ त्यांच्या मांडणीवर व आविष्कारावर असतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये ठरविले.

वाचकांस या निर्णयाने हळहळ वाटेल; मलाही वाटते. तरीही कल्पनेभोवती न्यायालयाने कुंपण घातले असते, तर विनोदाचे निम्मे शेत उजाड झाले असते. तद्रूप जुळ्या भावांच्या घोटाळ्याचेच पाहा. ख्रिस्तपूर्व २०० च्या सुमारास रोमन नाटककार प्लॉटस याने त्यावर नाटक रचले; आणि तोही ग्रीक सुखात्मिकांवर पोसलेला. शेक्सपिअरने हाच घोटाळा उचलून ‘कॉमेडी ऑफ एरर्स’ लिहिले, चाकरांचीही एक जुळी जोडी वाढविली, आणि घटनास्थळ बदलून इफिस केले.

हा शेवटचा बदल बायबल वाचणाऱ्यास विशेष भावेल. इफिस म्हटले की प्रेषितांच्या कृत्यांतील एकोणिसावा अध्याय आठवतो: भुते काढीत फिरणारे मांत्रिक, जादूटोण्याच्या पुस्तकांची होळी. अशा नगरात एखाद्या अनोळखी स्त्रीने परक्या माणसास पती समजून जेवावयास बोलाविले, तर तो चेटकाच्या भयाने गांगरणारच. प्लॉटसच्या घोटाळ्यात ही भीती नव्हती. ती शेक्सपिअरची स्वतःची.

विद्यासागरांनी १८६९ मध्ये ही कथा ‘भ्रांतिविलास’ या नावाने बंगालीत आणली. १९८२ मध्ये गुलजार यांनी ‘अंगूर’ काढला. त्यातील संजीवकुमारचा अशोक रहस्यकथांच्या नादी लागलेला असल्यामुळे प्रत्येक प्रेमळ हाकेत त्याला लुटारूंच्या टोळीचा कट दिसतो. चेटकाची जागा रहस्यकथांनी घेतली! मौलिकता म्हणतात ती मला अशा ठिकाणी सापडते. कथा दोन हजार वर्षांची असली, तरी हसू मात्र ताजे आहे. शिवाय गुलजार यांनी शेक्सपिअरचे ऋण लपविले नाही. त्याची तसबीरच पडद्यावर दाखविली.

मग चोरी कोठे सुरू होते? साम्य मोजून हे कळणार नाही, असे माझे मत आहे. प्लॉटसच्या ताटातले काही कमी होत नाही. आनंदांची गोष्ट निराळी. ते हयात होते, त्याच व्यवसायाच्या उंबरठ्यावर उभे होते, आणि त्यांनी आपले नाटक विश्वासाने उलगडून सांगितले होते. ज्याने ऐकले व ज्याने ऐकविले, त्यांच्यात त्या घटकेस एक नाते निर्माण होते. दशाज्ञांतील आठवी आज्ञा मला तेथे लागू वाटते, मग कायदा काहीही म्हणो. आम्हा भाषांतरकारांचा सारा दिवस दुसऱ्याच्या वाक्यांवर जातो, पण आम्हांस कोणी चोर म्हणत नाही, कारण ग्रंथ कोणाचा हे मुखपृष्ठच सांगते. ‘न्यू दिल्ली’च्या श्रेयनामावलीत एक ओळ वाढविण्यास कितीसा खर्च आला असता?

त्याच निकालपत्रात न्यायमूर्ती पाठक यांनी सहकाऱ्यांशी सहमत होतानाही आपली अस्वस्थता नोंदविली आहे. किरकोळ फेरफार करून लेखकाचा हक्क सहज डावलता येतो, हा समज दूर करण्यासाठी अधिक स्पष्ट अशा एखाद्या प्रकरणात न्यायालयास हात घालावा लागेल, असा त्यांचा आशय आहे. दरम्यान, नागपूरचा किंवा इंदूरचा एखादा तरुण विनोदी मालिकेची कल्पना घेऊन मुंबईस येतो. लेखकांच्या संघटनेत कथेची नोंदणी करता येते. त्यामुळे तारीख सिद्ध होते, कल्पनेची मालकी मात्र नव्हे. त्याला निर्मात्यापुढे बसून ती सांगावीच लागते, आणि समोरचा मनुष्य हसला, तर आनंद मानावा की काळजी करावी, हे त्याला कळत नाही.