प्रेमकथेमागची वही

प्रेमकादंबरी लिहिणाऱ्याला वाचक हमखास एक प्रश्न विचारतात: ‘हे तुमच्या बाबतीत घडलंय का हो?’ ऐतिहासिक कादंबरीकाराला आपण साधनं विचारतो, रहस्यकथा लिहिणाऱ्याला युक्त्या कशा सुचतात ते विचारतो. प्रेमकथा मात्र लिहिणाऱ्याने जगलेलीच असणार, असं धरून चालतो. या समजुतीने प्रेमकथेचं फार नुकसान केलं आहे, असं मला वाटतं. जे लिहायला नुसती आठवण पुरते, त्यात कसब ते काय असणार? मग समीक्षक अशा पुस्तकांकडे फिरकत नाहीत आणि वाचकही ती उशीखाली ठेवून वाचतात. या लेखकांनी आपल्या लिहिण्याबद्दल स्वतः जे सांगून ठेवलं आहे, त्यातून दिसणारं चित्र अगदी वेगळं आहे.

डॅफ्ने द्यू मॉरिएची ‘रिबेका’ घ्या. 1938 साली आलेली ही कादंबरी आपल्याकडच्या अनेकांना हिचकॉकच्या चित्रपटामुळे, नाहीतर वहिदा रेहमानच्या ‘कोहरा’मुळे माहीत असते. तिची सुरुवात झाली इजिप्तमध्ये, अलेक्झांड्रियात. डॅफ्नेचा नवरा लष्करी अधिकारी होता आणि त्याची पलटण 1937 साली तिथे होती. उकाडा, मेजवान्या, अधिकाऱ्याची बायको म्हणून चारचौघांत करावं लागणारं आगतस्वागत, यातलं काहीच या बुजऱ्या बाईला मानवत नव्हतं. तिचा सगळा जीव इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या किनाऱ्यात आणि तिथल्या मेनाबिली नावाच्या, झाडीत दडलेल्या ओसाड घरात अडकलेला होता. ते घर तिचं नव्हतं. लग्नाआधी परक्याच्या आवारात शिरून तिने ते शोधून काढलं होतं आणि तेव्हापासून ते तिच्या मनातून हललं नव्हतं. दुसरा सल याहून खोल होता. नवऱ्याचं पूर्वी एका देखण्या तरुणीशी लग्न ठरून मोडलं होतं आणि तिच्याबद्दलचा मत्सर डॅफ्नेला छळत असे.

एक दुरावलेलं घर आणि एक कधीच न भेटलेली सवत, एवढ्या भांडवलावर ही कादंबरी उभी राहिली. म्हणजे अनुभव होताच, पण वाचक विचारतात तो नव्हे. लोक ‘रिबेका’ला प्रेमकथा म्हणत राहिले आणि डॅफ्ने सांगत राहिली की हा मत्सराचा अभ्यास आहे. मला दोघांचंही पटतं. मत्सराशिवाय प्रेमाची गोष्ट सांगणाऱ्याला प्रेम कितपत कळलं, अशी शंका मला नेहमी येते.

अनुभवाचं पुस्तक होताना मधे काय घडलं, ते एका वहीमुळे आपल्याला पाहता येतं. आधी लिहिलेले सुमारे पंधरा हजार शब्द डॅफ्नेने वैतागून फाडून टाकले होते. वहीत तिने एकेका प्रकरणाचा आराखडा मांडला होता. त्यात नायकाचं नाव हेन्री आहे. आपण ज्याला मॅक्सिम म्हणून ओळखतो, तो अजून जन्मायचा आहे. शेवटी जोडायचं म्हणून लिहिलेलं उपसंहाराचं प्रकरण पुढे उचलून सुरुवातीला आणलं गेलं आणि त्या एका बदलाने सगळ्या गोष्टीवर गतकाळाची सावली पडली. निवेदन करणाऱ्या दुसऱ्या पत्नीला कादंबरीभर नाव नाही, यावर अभ्यासकांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. डॅफ्नेने दिलेलं कारण साधं आहे: आधी नाव सुचेना, आणि मग नावावाचून सगळी कादंबरी निभावून नेण्याचं आव्हानच तिला आवडायला लागलं. या उत्तराने ती मला फार जवळची वाटते. अडचण आली की तिच्यावरच इमला चढवायचा, ही खरी कारागिराची वृत्ती.

पुढे अमेरिकेत तिच्यावर वाङ्मयचौर्याचा खटला झाला. 1947 साली ती वही घेऊन न्यूयॉर्कच्या न्यायालयात साक्षीला उभी राहिली. निकाल तिच्या बाजूने लागला. वहीतला मजकूर 1981 साली पुस्तकरूपाने आला, म्हणून आज आपण तो वाचू शकतो.

जॉर्जेट हेयरची तऱ्हा निराळी. हिमोफिलियाने आजारी असलेल्या धाकट्या भावाला रिझवायला तिने वयाच्या सतराव्या वर्षी एक गोष्ट रचली आणि 1921 साली ती ‘द ब्लॅक मॉथ’ या नावाने छापून आली. तिच्या हयातभराच्या लेखनाचा उगम हा असा, भावाच्या आजारपणात. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचं इंग्लंड तिने आपलंसं केलं, तेही एखाद्या संशोधकाच्या चिकाटीने. पोशाख, घोडागाड्या, वस्तूंचे भाव, त्या काळातल्या बोलीतले शब्द, सगळं ती विषयवार टिपून ठेवायची. ‘अ‍ॅन इन्फेमस आर्मी’मध्ये तिने वॉटर्लूची लढाई इतक्या बारकाईने उभी केली आहे की लष्करी इतिहासाच्या जाणकारांनीही तिला दाद दिली. ही बाई मुलाखती देत नसे. जे सांगायचं ते पुस्तकात आहे, अशी तिची भूमिका होती. नाचाच्या दिवाणखान्यात दोघांची नजरानजर होते, तेव्हा मेणबत्त्यांचा उजेड आणि कापडाचा पोत खरा असतो, म्हणून ती नजरही खरी वाटते.

सातशेहून अधिक पुस्तकं नावावर असलेली बार्बरा कार्टलंड दुपारी सोफ्यावर आडवी होऊन, पायाशी गरम पाण्याची पिशवी ठेवून, लेखनिकेला प्रकरणं सांगत असे. तिची पुस्तकं मला एकसुरी वाटतात. पण वयाच्या नव्वदीपर्यंत तो नेम चालवणं हे येरागबाळ्याचं काम नाही.

आपल्याकडे ही कारागिरी उघडपणे मांडली ना. सी. फडक्यांनी. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या या कादंबरीकाराने 1931 साली ‘प्रतिभासाधन’ लिहिलं. कथानकाची गुंफण, गुंतागुंत, उत्कंठा, उकल यांचा विचार करता येतो आणि ते शिकताही येतं, हा त्यांचा आग्रह. त्याबद्दल त्यांना ‘तंत्रवादी’ ठरवलं गेलं, आणि आपल्याकडे हा शब्द कौतुकाने वापरत नाहीत. गवयाने रियाज केला की आपण मान डोलावतो. लेखकाने रियाजाचा उच्चार केला की त्याच्या भावनेवरच संशय घेतो. फडक्यांच्या नायक-नायिकांचं जग सुखवस्तू आणि अरुंद होतं, हा आक्षेप मला मान्य आहे. पण स्वयंपाकघराचं दार उघडं टाकायचं धैर्य त्यांनी दाखवलं, त्याचं श्रेय त्यांना पुरेसं मिळालं नाही.

त्यांच्यानंतर वाचनालयांतली कपाटं ज्यांनी हलती ठेवली, त्यांच्याबाबत तर आपण आणखी कंजूषपणा केला. बाबा कदमांच्या किंवा कुसुम अभ्यंकरांच्या पुस्तकाची वाचनालयातली प्रत हातात घेऊन पाहा. पुठ्ठ्याची जाड बांधणी, दोऱ्याने पुन्हा शिवलेली पानं, कोपऱ्यांना बोटांचे काळे डाग, आणि शेवटच्या पानावर तारखांचे शिक्के इतके दाटीने की नवा कागद डकवावा लागलेला. एवढं प्रेम ज्यांच्या वाट्याला आलं, त्यांच्या लिहिण्याच्या रीतीबद्दल मात्र आपल्याकडे फारशी चर्चा नाही. बाबा कदम सरकारी वकील होते. साक्षीपुराव्यांत दिवस घालवणाऱ्या माणसाचा संवादाचा कान कसा तयार झाला असेल? सुहास शिरवळकरांच्या ‘दुनियादारी’तला कट्टा खऱ्या पुण्यातून कागदावर येताना त्यातलं काय गळलं आणि काय वाढलं? कोणत्या प्रकरणापाशी ते अडले असतील? हे प्रश्न मला त्यांच्या खासगी आयुष्याबद्दलच्या कुठल्याही प्रश्नापेक्षा जास्त मोलाचे वाटतात.

यातले बरेच लेखक आता हयात नाहीत. पण त्यांचे कुटुंबीय आहेत, प्रकाशकांकडची हस्तलिखितं आणि पत्रं असतील, मुद्रितं तपासणारी जुनी माणसंही आहेत. दिवाळी अंकांच्या संपादकांनी एखाद्या वर्षी एवढं एकच काम हाती घ्यावं: या घरांची दारं ठोठावावीत आणि एखादी खाडाखोड केलेली वही मिळाली, तर तिची पानं आहेत तशी छापावीत. फळ्यांवरचे गठ्ठे रद्दीत जायला फारशी वर्षं लागत नाहीत.