कुठे खणायचं आहे?

लालबागमध्ये पाण्याचा एक चावीवाला होता. पालिकेच्या जलअभियंता खात्यात उभा जन्म गेलेला. तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबईला येतंय, मोडकसागरचं १९५७ पासून; पण ते कुठल्या चाळीला किती वाजता मिळणार, हे छातीइतक्या उंच लोखंडी चावीने व्हॉल्व फिरवणाऱ्या अशा माणसांच्या हातात असतं. कोणता व्हॉल्व किती आटे फिरतो, कुठला चेंबर डांबराखाली गडप झालाय, सगळं त्याला तोंडपाठ. कागदावर त्यातलं फारच थोडं होतं.

त्याच्या निवृत्तीला वर्ष उरलं असताना एक तरुण अभियंता तिथे रुजू झाली. जमिनीखालचं सगळं संगणकावर आणायचं तिने ठरवलं: बिडाचे जुने नळ, बेस्टच्या केबल, गॅसच्या नळ्या, गटारं, अगदी घरोघरच्या अर्ध्या इंची जोडण्यासुद्धा, तेही बोटभर अचूक. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठाने ७१ रस्ताप्रकल्प तपासले होते. जमिनीखालच्या वाहिन्या आधी शोधण्यावर खर्च केलेल्या दर डॉलरमागे ४.६२ डॉलर वाचले, असा त्यांचा हिशेब. तो तिने प्रस्तावात मांडला आणि पैसे मंजूर झाले.

रडारचं यंत्र ढकलत पथक फिरू लागलं. रडारला बिडाचा नळ दिसतो, प्लास्टिकची नळी पुष्कळदा दिसत नाही; ओल्या भरावात तर त्याची लाट लवकर विरते. म्हणून जागोजागी चाचणी खड्डे घ्यावे लागले. प्रत्येक खड्ड्यामागे परवानगी, मजूर, पुन्हा डांबर. पैसे संपले तेव्हा दोन गल्ल्या पुऱ्या झाल्या होत्या. त्या दोन गल्ल्यांचा नकाशा खरोखर उत्तम होता.

गणपतीच्या तोंडावर एका रात्री तिसऱ्या गल्लीत मुख्य जलवाहिनी फुटली. तळमजल्यावरच्या खोल्यांत पाणी शिरलं, लोक गाद्या, धान्याचे डबे माळ्यावर चढवू लागले. नकाशात ती गल्ली कोरी. शेवटी चावीवाल्याला झोपेतून उठवून आणलं. त्याने एका ओट्यापासून पावलं मोजली आणि म्हणाला, "इथे फोडा." डांबराखाली चेंबर निघाला, पाणी थांबलं.

त्याच आठवड्यात नकाशा झालेल्या गल्लीत खोदताना एक केबल तुटली. ती पाहणी झाल्यानंतर टाकलेली होती. नकाशात कुणी चढवलीच नव्हती.

"मॅडम, त्या अमेरिकेतल्या लोकांनी कुठल्या रस्त्यांखालचं शोधलं होतं?" चावीवाल्याने विचारलं.

"ज्या रस्त्यांचं काम निघालं होतं, त्यांच्या."

एवढं बोलून ती थांबली. आपल्या दोन गल्ल्यांमध्ये पाहणीच्या वेळी कसलंच काम निघालेलं नव्हतं, आणि ते ४.६२ डॉलर तर खणण्याच्या जागीच वाचलेले होते.

"काका, उद्यापासून मला तुमच्याबरोबर फिरायचंय," ती म्हणाली.

दोघं सगळा विभाग पायी फिरले. फक्त मुख्य वाहिन्या आणि व्हॉल्व नोंदवले. खोली ठाऊक नसेल तिथे 'अंदाजे' असं स्वच्छ लिहिलं. रडार आणि खड्डे राखून ठेवले काँक्रीटीकरणाला निघालेल्या रस्त्यांसाठी. शिवाय कंत्राटाच्या अटींत एक ओळ वाढवून घेतली: चर बुजवण्याआधी आतल्या वाहिन्यांची मापं आणि फोटो दिले नाहीत, तर बिल निघणार नाही. उघड्या चरात माप घ्यायला एक टेप आणि थोडा वेळ पुरतो. बुजवल्यावर तेच माप घ्यायचं तर पुन्हा रस्ता फोडावा लागतो.

घरोघरच्या जोडण्या तिने वगळल्या. यावर वरिष्ठांनी हरकत घेतली, उद्या एखाद्याचा नळ तुटला तर? ती म्हणाली, "अर्ध्या इंचाचा नळ प्लंबर दुपारपर्यंत जोडून देतो. मुख्य वाहिनीचा व्हॉल्व सापडला नाही, तर अख्खी गल्ली बुडते." माझ्या मते हाच तिचा सर्वांत धाडसी निर्णय. काय सोडायचं हे सरकारी कागदावर सही करून सांगायला छाती लागते.

पुढच्या अर्थसंकल्पासाठी तिने नवं यंत्र मागितलं नाही. नकाशात रोजची नोंद चढवणाऱ्या एका माणसाची जागा मागितली, कायमची.