न शिकलेलं आणि विसरलेलं

चित्रात स्वयंपाकघर आहे. एक बाई बशी पुसत उभी आहे. समोरचा नळ तसाच चालू, बेसिन भरून वाहतंय, पाणी तिच्या पायाशी आलंय आणि तिला त्याचं भान नाही. मागे मुलगा स्टुलावर चढून वरच्या कपाटातल्या बरणीतून बिस्किटं काढतोय. स्टूल एका अंगाला कलंडलंय, खाली बहीण हात पसरून उभी आहे. नुसत्या रेषांचं हे काळंपांढरं चित्र अमेरिकेत बॉस्टनच्या संशोधकांनी वाचाघाताच्या रुग्णांच्या तपासणीसाठी तयार केलं, आणि १९७२ पासून ते वापरात आहे. समोरच्याला एवढंच म्हणायचं: यात काय काय चाललंय ते सांगा.

१९८०च्या दशकात पिट्सबर्ग विद्यापीठाने स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना आणि त्यांच्याच वयाच्या धडधाकट माणसांना हे चित्र दाखवून त्यांचं बोलणं टेपवर घेतलं. त्या टेप आज जगभरच्या संगणकांना धडे देतात. २०२० साली याच ध्वनिमुद्रणांवर संशोधकांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली: फक्त बोलणं ऐकून कोणाला आजार आहे ते ओळखायचं. माणसाच्या कानातून जे निसटतं ते यंत्र टिपतं. शब्द सापडेपर्यंतची थांबण्याची लांबी, नामं कमी होऊन ‘ते’, ‘त्याचं’, ‘तिथलं’ अशा सर्वनामांची झालेली गर्दी, एकच गोष्ट पुन्हा सांगणं. आणि सांडणारं पाणी दिसूनही बोलण्यात न येणं.

मला हे संशोधन मोलाचं वाटतं. अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या प्रकारात मेंदूत होणारे बदल घरच्यांच्या लक्षात येण्याच्या दहा-पंधरा वर्षं आधी सुरू झालेले असतात. अमेरिकेत २०२३ साली पूर्ण मान्यता मिळालेलं लेकानेमॅब हे औषध आजार थांबवत नाही, त्याची चाल थोडी मंद करतं, आणि तेही सुरुवातीच्या टप्प्यातच. म्हणजे लवकर कळण्याला आता अर्थ आला आहे. एमआरआय आणि पेट स्कॅन ही तालुक्याच्या गावातल्या माणसाच्या आवाक्यातली तपासणी नव्हे. फोन मात्र घरोघरी पोचला आहे.

दुसरं उदाहरण घड्याळाचं. घड्याळ काढायला सांगण्याची चाचणी जुनी आहे. कोऱ्या कागदावर गोल काढा, आकडे घाला, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. मिनिटकाटा दोनवर जायला हवा, पण ‘दहा’ हा शब्द कानावर पडलेला असतो आणि बिघडू लागलेला मेंदू त्या शब्दाला चिकटतो. काटा दहाच्या आकड्यावर जातो. एमआयटीचे रँडल डेव्हिस आणि बॉस्टनजवळच्या लेही रुग्णालयातल्या डेना पेनी यांनी या कामासाठी डिजिटल पेन वापरलं. हे पेन टोकाची जागा सेकंदाला ८० वेळा नोंदवतं. त्यातून दिसलं ते असं की घड्याळ काढायला लागणाऱ्या वेळातला मोठा भाग हात कागदावरून उचललेला असतो, माणूस विचार करत असतो. आकडे लिहून झाल्यावर पहिला काटा काढण्याआधी तो किती थांबला, हे कागदावरच्या नीटनेटक्या घड्याळातून कधीच कळलं नसतं. घड्याळ बरोबर आणि वाट मात्र अवघड झालेली, अशी माणसं या पेनाने सापडू लागली.

तिसरं उदाहरण खेळाचं. २०१६ साली युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनचे ह्यूगो स्पायर्स, ईस्ट अँग्लिया विद्यापीठाचे मायकेल हॉर्नबर्गर आणि डॉइच टेलिकॉम ही कंपनी यांनी ‘सी हीरो क्वेस्ट’ नावाचा मोबाइल खेळ काढला. नकाशा पाहून घ्यायचा, तो मिटला की आठवणीने होडी हाकत खुणेच्या ठिकाणांवर क्रमाने पोचायचं. ४० लाखांहून जास्त लोक तो खेळले. अल्झायमर मेंदूच्या ज्या भागांना आरंभीच धरतो त्यांतले काही वाट शोधण्याचेच आहेत, म्हणून वाटेवर नजर. २०१९ मध्ये जिलियन कॉफ्लन आणि सहकाऱ्यांनी अल्झायमरचा धोका वाढवणारं जनुक असलेल्या, पण तब्येतीने ठणठणीत माणसांना हा खेळ दिला. स्मरणशक्तीच्या नेहमीच्या चाचणीत ती इतरांसारखीच निघाली. खेळात मात्र ती जास्त वळसे घेत होती. वळसा किती हे ठरवायला ब्रिटनमधल्या २७ हजारांवर खेळाडूंची नोंद हाताशी होती.

याच खेळातून २०२२ मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली. ३८ देशांतल्या जवळजवळ ४ लाख लोकांची माहिती तपासली, तेव्हा शहराबाहेर वाढलेली माणसं वाट शोधण्यात सरस निघाली. शिकागोसारख्या काटकोनी आखलेल्या शहरांच्या देशांत हा फरक ठळक होता. प्रागसारख्या वाकड्यातिकड्या गल्ल्यांच्या जुन्या शहरांत वाढलेल्यांना तेवढं नुकसान नव्हतं. लहानपणी कुठल्या रस्त्यांवर फिरलो ते म्हातारपणीच्या गुणांत उतरतं. आजाराची खूण म्हणून आपण जे मोजतो, त्यात माणसाचं सगळं आयुष्य मिसळलेलं असतं. आणि माझी मुख्य शंका इथूनच सुरू होते. यंत्र माणसाला ताडून पाहतं ते कोणाशी?

मराठवाड्यातल्या किंवा खानदेशातल्या एखाद्या आजीपुढे हे सगळं ठेवून बघा. हातात पेन धरायची वेळ तिच्यावर आली ती अंगठ्याऐवजी सही करायला शिकली तेव्हा, आणि तीही तीन अक्षरांची. आजची तारीख विचारली तर तिला सांगता येणार नाही. पण परवा संकष्टी आहे, बाजार गुरुवारी आहे, थोरली लेक बहात्तरच्या दुष्काळात रांगत होती, हे तिला पक्कं ठाऊक आहे. बॉस्टनच्या चित्रातलं भरून वाहणारं बेसिन तिच्या घरात कधी नव्हतंच. तिच्याकडे पाणी टाकीवरून हंड्याने यायचं. ती बोलताना नवऱ्याचं नाव घेत नाही. ‘हे’ म्हणाले, ‘ह्यांनी’ आणलं, ‘ह्यांच्या’ आईला सांगितलं. सर्वनामांची गर्दी हे आजाराचं लक्षण म्हणून शिकलेलं यंत्र तिच्या मर्यादेला विस्मरण समजेल. उलटपक्षी, क्रियापदातच कर्ता आला म्हणून मराठीत सर्वनाम सहज गळतं, आणि खरोखर बिघडलेलं बोलणं यंत्राला ठीक वाटेल.

आजी ते कधी शिकलीच नाही, की शिकून विसरली? चाचणीच्या गुणांत दोन्ही सारखीच दिसतात. हा प्रश्न थोड्याथोडक्या लोकांचा नाही. देशभरातल्या वृद्धांच्या पाहणीवर आधारलेला लासी-डॅड हा अभ्यास २०२३ मध्ये आला. त्यानुसार भारतात साठी ओलांडलेल्यांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. आणि बायकांमध्ये, खेड्यांत, शाळेचं तोंड न पाहिलेल्यांमध्ये ते जास्त आहे. शिक्षण न मिळणं हा स्वतःच या आजाराचा एक धोका मानला जातो. ज्यांना आजार होण्याची शक्यता अधिक, त्यांनाच ओळखण्यात आपली साधनं सगळ्यात कच्ची. बाई चांगली असताना तिच्यावर शिक्का बसेल, नाहीतर आजारी असताना ‘अडाणी आहे, असंच बोलते’ म्हणून ती मागे राहील. यातलं दुसरं जास्त घडत असणार असं मला वाटतं, कारण ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून मोकळं व्हायची सवय आपल्याला आधीपासूनच आहे.

यावर काम झालंच नाही असं नाही. हरियाणातल्या बल्लभगढ भागात मेरी गांगुली आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी निरक्षर वृद्धांसाठी प्रचलित चाचणी मुळापासून बदलली; १९९५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. कागदावरची सूचना वाचून डोळे मिटा, याऐवजी ‘माझ्या तोंडाकडे बघा आणि मी करते तसंच करा’. इतका साधा बदल करायलाही गावात बसून लोकांचं जगणं पाहावं लागलं. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने पुढे हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषांत चाचण्यांचा संच प्रमाणित केला. त्या पहिल्या पाचांत मराठी नव्हती. बोलणं ऐकणारी यंत्रं येतील तेव्हा त्यांना वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी बोलणाऱ्या निरोगी म्हाताऱ्यांचे आवाज कोणी दिलेले असतील का? यंत्र तेवढंच शिकतं जेवढं त्याला ऐकवलं जातं.

यावर मला एक उपाय जास्त प्रामाणिक वाटतो: माणसाला दुसऱ्या कोणाशी न ताडता त्याच्याच कालच्या रूपाशी ताडणं. पीटर गॅरार्ड यांनी २००५ मध्ये आयरिस मर्डॉक या कादंबरीकर्तीबाबत हेच केलं. तिची पहिली कादंबरी, ऐन भरातली एक आणि १९९५ची शेवटची अशा तिन्ही संगणकावर तपासल्या. शेवटच्या पुस्तकात वाक्यरचना शाबूत होती, शब्दसंपत्ती मात्र आटली होती. अल्झायमरचं निदान त्यानंतर झालं. ओरेगनमध्ये जेफ्री के यांच्या गटाने एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरी छताला सेन्सर लावून चालण्याचा वेग वर्षानुवर्षं नोंदवला. रोजच्या चालीतला चढउतार कसा बदलत जातो, हे दवाखान्यातल्या एका भेटीत दिसणारं नाही. (आपल्याकडे दोन खोल्यांत सहा माणसं नांदत असली तर कोण चाललं ते त्या सेन्सरला कळणार नाही.)

आपल्या घरांत वेगळा साठा आहे. न्यूजर्सीतला किंवा पुण्यातला मुलगा दर रविवारी गावी फोन करतो. आई नातवाला व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजी निरोप पाठवते, चकलीच्या भाजणीचं प्रमाण सांगते. तिच्या परवानगीने, तिच्याच फोनमध्ये हे जपून ठेवलं तर दहा वर्षांनी तिची तुलना बॉस्टनच्या बाईशी करावी लागणार नाही. परवानगीचा मुद्दा मात्र सोडून चालणार नाही. कोणाच्या मेंदूचं काय होणार याची माहिती विमा कंपनीला, कर्ज देणाऱ्याला, आणि जमिनीच्या वाटणीच्या वेळी भावकीलाही हवी असेल. ती त्यांच्या हाती न जाण्याची सोय आधी व्हावी, ॲप नंतर यावं.

मेंदू तल्लख ठेवण्याचे खेळ विकणाऱ्यांबद्दल थोडक्यात. लुमॉसिटी या अशाच खेळांच्या कंपनीने २०१६ मध्ये दाव्यांना पुरेसा आधार नसल्याच्या आरोपावरून अमेरिकी सरकारला २० लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं. त्यामानाने ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये सांगितलेले स्मृतिभ्रंशाचे १४ धोके साधे आहेत: रक्तदाब, मधुमेह, ऐकू कमी येणं, दिसायला कमी येणं, एकटेपणा, तंबाखूचा धूर, असेच. हे सगळे आवाक्यात आणले तर जवळजवळ ४५ टक्के रुग्णांचा आजार टळू किंवा लांबू शकतो, असा त्यांचा हिशेब आहे. मोतीबिंदूचं शिबिर आणि कानाचं यंत्र ही मेंदूची काळजी आहे, हे आपल्या आरोग्य खात्याच्या भाषेत अजून यायचं आहे. हैदराबादला सुवर्णा अल्लाडी यांनी ६४८ रुग्णांचा अभ्यास करून २०१३ मध्ये दाखवलं की एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसला, आणि निरक्षरांतही हा फरक राहिला. घरी तेलुगू आणि बाजारात मराठी बोलणाऱ्या सोलापूरच्या विणकर बाईकडे शाळेचा दाखला नसेल, पण तिच्या मेंदूने जन्मभर केलेली ही मेहनत कुठल्याही चाचणीच्या तक्त्यात नोंदलेली नाही.

आजार ओळखल्यावर पुढे काय, याचं उत्तर ज्यांच्याकडे आहे त्यांची नावं तंत्रज्ञानाच्या बातम्यांत येत नाहीत. गोव्यात अमित डायस आणि सहकाऱ्यांनी तिसवाडी आणि बार्देश तालुक्यांत एक प्रयोग केला. २००८ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. स्थानिक माणसांना थोडं प्रशिक्षण देऊन त्यांना रुग्णांच्या घरी सहा महिने नियमित पाठवलं. आजार म्हणजे काय, रात्री उठून ‘मला माझ्या घरी जायचंय’ म्हणणाऱ्या सासऱ्यांशी कसं बोलायचं, अंघोळीला नकार दिला तर काय करायचं, सरकारी मदत कुठे मागायची, डॉक्टरांना कधी बोलवायचं, हे ते घरच्यांसोबत बसून सांगत. रुग्णांच्या क्षमतेत त्याने मोठा फरक पडला नाही. सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण मात्र मोजण्याइतका उतरला, आणि सांभाळणारी बहुतेक वेळा घरातली बाईच असते.

पहिली शंका साधारणपणे तिलाच येते. आमटीत मीठ दोनदा पडलं, देवापुढचा दिवा लावायचा राहिला, दुपारी तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगितली. या आजाराची एक जुनी, विश्वासाची प्रश्नावली घरच्या माणसाला इतकंच विचारते की दहा वर्षांपूर्वीच्या मानाने आता यांचं कसं आहे. तिला पेन लागत नाही, शाळा लागत नाही, बेसिनचं चित्र लागत नाही. सुनेने फोनवर आपल्या बोलीत दिलेली ही उत्तरं, सासूच्या जुन्या आवाजी निरोपांची साथ आणि आठवड्याला घरी येणारी एक शिकवून तयार केलेली बाई, एवढं एका तालुक्यात एकत्र आणून बघायला काहीच हरकत नाही. त्यासाठी आधी मराठीतले आवाज गोळा करावे लागतील, आणि ते काम म्हातारी माणसं बोलती आहेत तोवरच होईल.